लष्करी न्याय आणि युद्धपट

युद्धपटांचा एक लहान परंतु प्रभावी उपप्रकार. शत्रूकडून नव्हे, तर स्वतःच्याच सैन्याकडून सैनिकावर झालेला अन्याय हा त्याचा विषय असतो. लष्करी न्यायालयाने घाईने ठोठावलेला देहदंड, सेनानीच्या चुकीचे खापर शिपायांच्या माथी फोडणे, वसाहतींतील सैनिकांना नाकारलेले वेतन व सन्मान, बंड आणि त्याची शिक्षा ही त्याची नेहमीची कथाबीजे होत. सामान्य युद्धपटातील संघर्ष दोन सैन्यांमध्ये असतो. येथे तो एकाच सैन्याच्या वरच्या व खालच्या श्रेणींमध्ये असतो आणि शत्रू पडद्यावर पुष्कळदा दिसतही नाही.

ह्या चित्रपटांचे महत्त्व केवळ कलात्मक नाही. लष्करी न्यायालयांची कागदपत्रे अनेक दशके बंदिस्त असतात, काही नाहीशी झालेली असतात, आणि शिक्षा झालेल्याचे कुटुंब लोकलज्जेस्तव मौन पाळते. स्मारकशिलेवर त्याचे नाव नसते. ही पोकळी पुढे बहुधा कादंबरी, नाटक आणि त्यांवरून निघालेला चित्रपट भरून काढतो. ती तो सत्याने भरतो की सोयीस्कर कल्पनेने, ह्याचा निवाडा मात्र प्रत्येक चित्रपटाबाबत स्वतंत्रपणे करावा लागतो.

लष्करी न्यायाची मूळ अडचण त्याच्या हेतूतच आहे. मुलकी न्यायालय आरोपीने गुन्हा केला की नाही हे पाहते. रणक्षेत्रावरील न्यायालयापुढे त्याखेरीज शिस्त टिकविण्याचा प्रश्न असतो आणि शिक्षा इतरांना जरब बसावी म्हणूनही दिली जाते. फ्रान्समध्ये सप्टेंबर १९१४ च्या हुकुमान्वये तीन सदस्यांची खास युद्धन्यायालये स्थापन झाली. त्यांच्या निकालावर अपील नव्हते आणि शिक्षेची अंमलबजावणी पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच होई. एप्रिल १९१६ च्या कायद्याने ती रद्द होईपर्यंत फ्रेंच सैन्यातील बहुसंख्य देहदंड उरकले गेले होते. ब्रिटिश सैन्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात सु. ३,००० जणांना देहदंड फर्माविण्यात आला, त्यांपैकी सु. नऊ-दशांशांची शिक्षा सौम्य करण्यात आली व साडेतीनशेच्या आसपास शिक्षा अंमलात आल्या. त्या तुलनेने त्या युद्धातील जर्मन सैन्यातील देहदंडांची संख्या ४८ इतकी अल्प होती. दुसऱ्या महायुद्धात हे प्रमाण पूर्णपणे उलटले व जर्मन लष्करी न्यायालयांनी सु. ३०,००० देहदंड ठोठावले.

मूकपटांच्या काळात ह्या विषयाला अजरामर रूप दिले ते स्यिर्ग्येई आयझेनस्टाइनच्या बॅटलशिप पोटेमकिन (१९२५) ह्या रशियन चित्रपटाने. जून १९०५ मध्ये काळ्या समुद्रातील पोटेमकिन ह्या युद्धनौकेवरील खलाशांनी सडक्या मांसाच्या निमित्ताने बंड केले, ही मूळ घटना. चित्रपटात देहदंडास नेलेल्या खलाशांच्या अंगावर ताडपत्री टाकली जाते व गोळीबार पथकापुढे तो आकारहीन ढीग उभा राहतो. प्रत्यक्षात अशा वेळी ताडपत्री अंथरली जाई ती रक्ताचे डाग जहाजाच्या तक्तपोशीवर पडू नयेत म्हणून. ती अंगावर टाकण्याची कल्पना दिग्दर्शकाची. ओडेसा शहरात लोकांवर गोळीबार झाला हे खरे; पण भव्य पायऱ्यांवरील शिस्तबद्ध कत्तलीचे जे दृश्य जगभर ओळखले जाते, ते त्या स्वरूपात घडलेले नव्हते. ह्या पायऱ्यांना १९५५ मध्ये, बंडाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, पोटेमकिनचे नाव देण्यात आले. पायऱ्यांना प्रसिद्धी चित्रपटाने दिली आणि चित्रपटातील प्रसंगाला प्रामाण्य पायऱ्यांनी दिले, असा हा उलटसुलट व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये ह्या चित्रपटावरील बंदी १९५४ पर्यंत टिकली.

फ्रान्समधील सूएँ येथील चार कॉर्पोरलांचे प्रकरण आणि त्याच्याशी निगडित असलेला पाथ्स ऑफ ग्लोरी (१९५७) हा स्टॅन्ली कुब्रिकचा अमेरिकन चित्रपट ह्या उपप्रकाराचा मानदंड समजला जातो. शँपेन भागातील सूएँजवळ १० मार्च १९१५ रोजी ३३६ व्या पायदळ पलटणीच्या २१ व्या कंपनीला हल्ल्याचा हुकूम झाला. आधीचे हल्ले निष्फळ ठरलेले होते, सैनिक थकलेले होते, आणि समोरच्या मोकळ्या भूमीत यापूर्वी पडलेल्यांची प्रेते दिसत होती. कंपनी खंदकातून बाहेर पडली नाही. तेव्हा जनरल रेव्हेयाक ह्याने आपल्याच खंदकांवर तोफा डागण्याचा आदेश दिला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लेखी हुकुमाशिवाय तसे करण्यास नकार दिला. पुढे सहा कॉर्पोरल व अठरा शिपाई निवडून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांतील तेओफील मोपा, ल्वी लफूलाँ, ल्वी जिरार व ल्युसियँ लेशा ह्या चार कॉर्पोरलांना १७ मार्च रोजी गोळ्या घालण्यात आल्या.

मोपाची पत्नी ब्लाँश ही नॉर्मंडीतील शाळाशिक्षिका होती. मानवी हक्क संघाच्या साहाय्याने तिने जवळजवळ दोन दशके ह्या प्रकरणाचा पाठपुरावा केला. फेटाळलेले अर्ज, पुन्हा केलेले अर्ज, सभा, वर्गणी अशा मार्गाने १९३२ मध्ये खास लष्करी न्यायालयाची स्थापना झाली आणि त्याने ३ मार्च १९३४ रोजी चौघांनाही निर्दोष ठरविले. विधवांना नुकसानभरपाईदाखल प्रत्येकी एक फ्रँक देण्यात आला. ही बातमी अमेरिकन वृत्तपत्रातही छापून आली आणि तिच्यावरून पहिल्या महायुद्धात सैनिक असलेल्या हंफ्री कॉबने आपली कादंबरी लिहिली (१९३५). कुब्रिकचा चित्रपट ह्या कादंबरीवर आधारित आहे.

चित्रपटात घटनेचे रूप बदललेले आहे. ‘अँट हिल’ नावाचे काल्पनिक ठाणे घेण्याचा असाध्य हुकूम जनरल मिरो बढतीच्या आशेने स्वीकारतो, हल्ला फसतो, तीन कंपन्यांतून एकेक माणूस निवडून भ्याडपणाच्या आरोपाखाली खटला चालतो. एकाची निवड चिठ्ठ्या टाकून होते, दुसऱ्याची तो समाजाला नकोसा आहे म्हणून, आणि तिसऱ्याची त्याने आपल्या अधिकाऱ्याचा भ्याडपणा पाहिलेला असतो म्हणून. बचाव करणारा कर्नल डॅक्स (कर्क डग्लस) मुलकी जीवनात वकील असतो. पण त्याला साक्षीदार आणू दिले जात नाहीत आणि कामकाजाची नोंदही ठेवली जात नाही. खटल्याचे दृश्य म्यूनिकजवळच्या श्लाइसहाइम प्रासादात चित्रित झाले आहे. उंच छत, संगमरवरी फरशी आणि तिच्यावर एकटा उभा असलेला शिपाई ह्या रचनेत निकाल आधीच सांगितला जातो. खंदकांतून चालणारा कॅमेरा आणि प्रासादातून मंदगतीने वळणाऱ्या जनरलांच्या भेटीगाठी ह्यांतील विरोध हा चित्रपटाचा खरा युक्तिवाद आहे.

कवटीला जबर इजा झालेल्या कैद्याला खाटल्यावर बांधूनच गोळ्या घातल्या जातात, हे चित्रपटातील दृश्य अनेकांना अतिशयोक्त वाटले. परंतु ऑक्टोबर १९१४ मध्ये सेकंड लेफ्टनंट शापलाँ ह्या जखमी फ्रेंच अधिकाऱ्याचा देहदंड रुग्णवाहक खाटल्याला बांधूनच अंमलात आणला गेला होता. त्याचे नाव राष्ट्रासाठी मरण आलेल्यांच्या यादीत समाविष्ट होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. उलटपक्षी, जे प्रेक्षकांना सहज पटते ते मात्र इतिहासाला तितकेसे धरून नाही. चित्रपटातील अन्याय एका महत्त्वाकांक्षी जनरलाच्या स्वभावातून उद्भवतो. १९१४-१५ मधील देहदंडांना मंत्रिमंडळाने संमत केलेल्या नियमांचा आधार होता, खास न्यायालये हुकुमाने स्थापन झालेली होती, आणि राष्ट्राध्यक्षाचा दयेचा अधिकार काही काळ जवळजवळ निरुपयोगी करण्यात आला होता. दुष्ट माणूस पडद्यावर दाखविता येतो, परिपत्रक दाखविणे अवघड असते. त्यामुळे ह्या प्रकारच्या जवळजवळ सर्वच चित्रपटांत व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या दोषात रूपांतरित होतो, आणि प्रेक्षकाला राग आणण्यासाठी एक चेहरा मिळतो.

पाथ्स ऑफ ग्लोरीवर फ्रान्समध्ये औपचारिक बंदी घालण्याची वेळच आली नाही. त्या वेळी अल्जीरियात युद्ध चालू होते. वातावरण पाहून वितरकांनी तो अभ्यवेक्षण मंडळापुढे ठेवलाच नाही आणि फ्रेंच प्रेक्षकांना तो १९७५ मध्ये पाहावयास मिळाला. स्वित्झर्लंडने त्यावर १९५८ मध्ये बंदी घातली, तर स्पेनमध्ये तो १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. एकूण पाहता हा चित्रपट ज्या देशाच्या स्मृतीविषयी आहे, तेथेच तो सर्वांत उशिरा पोहोचलेल्यांपैकी ठरला. दरम्यान इतर देशांतील प्रेक्षकांच्या मनात फ्रेंच सैन्याचे तेच चित्र पक्के झाले होते.

फ्रान्समधील सार्वजनिक चर्चेला पुढे वेग आला. पंतप्रधान ल्योनेल जॉस्पँ ह्यांनी ५ नोव्हेंबर १९९८ रोजी क्रान येथे भाषण करून, ‘इतरांना धडा म्हणून’ गोळ्या घातलेल्या सैनिकांना राष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत पुन्हा स्थान मिळावे, असे प्रतिपादन केले. आदल्याच वर्षी ईव्ह बुआसे ह्यांचा ल पाँतालाँ हा दूरचित्रवाणीपट दाखविला गेला होता. रक्ताळलेली, मृत सैनिकाची विजार घालण्यास नकार दिला म्हणून फेब्रुवारी १९१५ मध्ये देहदंड झालेल्या ल्युसियँ बेर्सो ह्या शिपायाची ती कथा आहे. त्याला १९२२ मध्ये निर्दोष ठरविण्यात आले होते. झाँ-प्येर जने ह्यांचा अँ लाँ दिमाँश द फियाँसाय (२००४) आणि ब्लाँश मोपा (२००९) हा दूरचित्रवाणीपट ह्यांनी विषय घरोघरी नेला. ऐतिहासिक समितीच्या अहवालानंतर झालेल्या गणनेनुसार १९१४–१८ ह्या काळात फ्रान्सने गोळ्या घातलेल्यांची संख्या ९५३ भरते. त्यांपैकी ६३९ जण लष्करी आज्ञाभंगासाठी मारले गेले. त्यांना सामूहिकपणे निर्दोष ठरविणारे विधेयक जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय सभेत मंजूर झाले, परंतु फेब्रुवारी २०२३ मध्ये सेनेटने ते फेटाळले.

क्रानची निवड व चित्रपटांचा प्रभाव ह्या दोहोंमुळे एक गैरसमज मात्र दृढ झाला आहे. देहदंड झालेले सैनिक म्हणजे १९१७ च्या वसंत ऋतूतील फसलेल्या चढाईनंतर बंड करणारे सैनिक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात १९१७ च्या बंडाळीत सु. साडेपाचशे देहदंड ठोठावले गेले तरी अंमलात आले ते तीसहूनही कमी. बहुतेक गोळीबार युद्धाच्या पहिल्या दीड वर्षात, बंड वगैरे काहीही नसताना, एकेकट्या गोंधळलेल्या माणसांवर झाले. बंडखोर शहीद ही प्रतिमा अधिक उदात्त असल्याने ती टिकली.

ब्रिटनमध्ये जोसेफ लोझी ह्यांच्या किंग अँड कंट्री (१९६४) ह्या चित्रपटाने हा प्रश्न हाताळला. तो जॉन विल्सन ह्यांच्या हॅम्प ह्या नाटकावर व त्यामागील जे. एल. हॉडसन ह्यांच्या कादंबरीवर आधारित आहे. स्वतःच्या इच्छेने भरती झालेला हॅम्प (टॉम कोर्टनी) एक दिवस आघाडीवरून चालू लागतो. तोफांचा आवाज नको, एवढेच त्याचे कारण. बचाव करणारा कॅप्टन हार्ग्रीव्ह्ज (डर्क बोगार्ड) प्रारंभी त्याचा तिरस्कार करतो. चित्रपटात कोणीही खलनायक नाही. न्यायाधीशांना दया येते, त्यांची शिफारसही जाते. पण पलटण दुसऱ्या दिवशी आघाडीवर जाणार असल्याने उदाहरण घालून देणे सैन्याला आवश्यक वाटते. गोळीबार पथकाचा नेम नीट न लागल्याने अखेरचे काम हार्ग्रीव्ह्जलाच स्वतःच्या पिस्तुलाने करावे लागते. यंत्रणा दुष्ट माणसांशिवायही कशी चालते, हे दाखविण्यात लोझींचा चित्रपट कुब्रिकच्या चित्रपटाहून सरस आहे. लोकप्रियता मात्र त्याला तेवढी लाभली नाही. ब्रिटिश कागदपत्रे संशोधकांना उपलब्ध झाल्यावर व कुटुंबियांच्या मोहिमेनंतर, १९१६ मध्ये मारल्या गेलेल्या हॅरी फार ह्या सैनिकासह ३०६ जणांना २००६ च्या सशस्त्र सेना कायद्याने माफी देण्यात आली. ही माफी मूळ दोषनिश्चिती रद्द करीत नाही, हे त्या कायद्यातच नमूद आहे.

इटलीत फ्रांचेस्को रोझी ह्यांनी एमील्यो लुस्सू ह्यांच्या युद्धस्मृतींवरून वॉमिनी काँत्रो (१९७०) हा चित्रपट काढला. सैन्याची मानहानी केल्याच्या आरोपाला त्यांना तोंड द्यावे लागले, पण तो टिकला नाही. जर्मनीतील व्होल्फगांग श्टाउटे ह्यांच्या रोझन फ्यूर डेन श्टाट्सआन्व्हाल्ट (१९५९) ह्या चित्रपटाचा बाज उपहासात्मक आहे. चॉकलेटच्या दोन डब्यांच्या चोरीवरून युद्धाच्या अखेरच्या दिवसांत देहदंड झालेला सैनिक केवळ हवाई हल्ल्यामुळे वाचतो. पुढे त्याला आढळते, की तोच लष्करी अधिकारी आता लोकशाही राज्यात प्रतिष्ठित सरकारी वकील आहे. तो मुद्दाम पुन्हा तसेच दोन डबे चोरतो आणि भर न्यायालयात वकीलमहाशयांच्या तोंडून जुन्या सवयीने देहदंडाची मागणी निसटते. हा प्रसंग काल्पनिक असला, तरी कल्पना वास्तवाच्या पुढे एकोणीस वर्षे होती: बाडेन-व्ह्युर्टेंबेर्कचे मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर ह्यांना नौदलातील न्यायाधीश म्हणून केलेल्या कामगिरीवरून ऑगस्ट १९७८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. सैन्यत्याग केलेल्यांविरुद्धचे नाझी काळातील निवाडे जर्मन संसदेने २००२ मध्ये सरसकट रद्द केले.

जपानी दिग्दर्शक किंजी फुकासाकू ह्यांच्या गुंकी हातामेकू मोतो नी (१९७२) ह्या चित्रपटाची नायिका ब्लाँश मोपाचीच बहीण वाटावी अशी आहे. न्यू गिनीत लष्करी न्यायालयाने देहदंड दिलेल्या सार्जंटच्या विधवेला निवृत्तिवेतन नाकारले जाते. ती वर्षानुवर्षे अर्ज करते आणि अखेर नवऱ्याच्या हयात सोबत्यांना एकेक करून भेटते. प्रत्येकजण निराळी हकीकत सांगतो. उपासमार, वरिष्ठाचा खून, युद्ध संपल्यावरही उरकलेले देहदंड अशी एकेक गोष्ट उघड होत जाते. सत्य पूर्णपणे हाती लागत नाही, आणि नवरा निष्कलंक होता असेही चित्रपट म्हणत नाही. विधवेचा प्रश्न वेगळाच आहे: ज्यांनी हुकूम दिले ते सुखाने जगत असता शिक्षेचा कागद फक्त एकाच्याच नावावर का राहावा?

ह्या प्रश्नाच्या नेमक्या उलट्या बाजूस ब्रेकर मोरांट (१९८०) हा ब्रूस बेरेसफर्ड ह्यांचा ऑस्ट्रेलियन चित्रपट उभा आहे. दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) बुशवेल्ट कार्बिनिअर्स ह्या अनियमित घोडदळातील लेफ्टनंट हॅरी मोरांट, पीटर हँडकॉक व जॉर्ज विटन ह्यांच्यावर बोअर कैद्यांना ठार मारल्याबद्दल खटला झाला. मोरांट व हँडकॉक ह्यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. विटनची शिक्षा जन्मठेपेवर आली व १९०४ मध्ये त्याची सुटका झाली. त्याने १९०७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ते तिघे साम्राज्यासाठी बळीचे बकरे ठरल्याचा दावा आहे. केनेथ रॉस ह्यांचे नाटक (१९७८) व त्यावरील चित्रपट ह्यांनी तो दावा साऱ्या देशाच्या गळी उतरविला. चित्रपटातील बचाव असा, की कैदी न घेण्याचा तोंडी हुकूम सरसेनापती किचनरकडूनच आलेला होता आणि जर्मनीची मर्जी राखण्यासाठी व तहाचा मार्ग मोकळा करण्यासाठी वसाहतीतील तीन अधिकाऱ्यांचा बळी दिला गेला. तयारीस एक दिवस मिळालेला ग्रामीण वकील मेजर टॉमस (जॅक टॉम्पसन) हा बचाव आवेशाने मांडतो.

असा हुकूम होता ह्याचा कागदोपत्री पुरावा आजवर मिळालेला नाही. खटल्याची मूळ संपूर्ण नोंदही उपलब्ध नाही. चित्रपटाची कथनशक्ती ह्या अभावावरच पोसलेली आहे. परंतु कैद्यांची हत्या झाली हे चित्रपटही नाकारीत नाही. त्याच्या दृश्यांकडे नीट पाहिले, तर ज्या धर्मोपदेशकाच्या खुनातून आरोपी निर्दोष सुटले, तो खूनही हँडकॉकने केल्याचे स्पष्ट सुचविले आहे. प्रेक्षकांनी मात्र चित्रपटातून ब्रिटिशांनी बळी दिलेले वीर एवढेच उचलले आणि ह्याबद्दल दिग्दर्शकाने स्वतः अनेकदा नाराजी दर्शविली. आरोपींची बाजू ऐकण्यात दोन तास गेल्यावर निःशस्त्र कैद्यांकडे पाहण्यास प्रेक्षकाजवळ सवड उरत नाही, हा रचनेचा परिणाम आहे आणि त्याची जबाबदारी चित्रपटकर्त्याला पूर्णपणे टाळता येणार नाही. ऑक्टोबर १९०१ मध्ये ह्या हत्यांची लेखी तक्रार करणारे पंधराजण त्याच दलातील सैनिक होते. आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध सही करण्याचे धाडस त्यांनी केले. पण लोकस्मृतीत त्यांना जागा नाही. ह्या प्रकरणातील लष्करी अन्यायाचा प्रतिकार खऱ्या अर्थाने कोणी केला असेल, तर तो त्यांनी.

ऑस्ट्रेलियन सैनिकांचा देहदंड गव्हर्नर जनरलच्या मान्यतेवाचून अंमलात आणू नये, अशी तरतूद १९०३ च्या संरक्षण कायद्यात होती व पहिल्या महायुद्धात शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियनांना देहदंड सुनावला जाऊनही एकालाही गोळी घातली गेली नाही. मोरांटला मरणोत्तर माफी मिळावी ही मागणी ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये फेटाळली; २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात खटल्याच्या पद्धतीबद्दल खेद व्यक्त करणारा प्रस्ताव मांडला गेला. पीटर वीअरच्या गलिपली (१९८१) ह्या चित्रपटाबाबतही असाच प्रकार घडला. ७ ऑगस्ट १९१५ च्या नेक येथील आत्मघातकी हल्ल्याचा आग्रह धरणारा अधिकारी प्रेक्षकांना त्याच्या उच्चारांवरून इंग्रज वाटतो; प्रत्यक्षात तो आग्रह ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याचा होता.

वसाहतींतील सैनिकांवरील अन्यायाची नोंद घेणारा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे सेनेगलचे ऊस्मान सेंबेन व त्येर्नो फाती सो ह्यांचा काँ द त्यारोय (१९८८). जर्मन बंदिवासातून सुटून आलेल्या आफ्रिकन रायफलधारी सैनिकांनी डाकारजवळच्या त्यारोय छावणीत थकलेल्या वेतनाची मागणी केली; १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. मृतांची अधिकृत संख्या ३५ सांगितली गेली आणि ती प्रारंभापासूनच विवाद्य आहे. वाचलेल्यांपैकी ३४ जणांना उलट बंडाबद्दल शिक्षा झाल्या. सेंबेन स्वतः वसाहतीच्या सैन्यात होते. सेनेगल, ट्युनिशिया व अल्जीरिया ह्यांच्या सहकार्याने, फ्रेंच पैशावाचून निघालेल्या ह्या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात विशेष पारितोषिक मिळाले. फ्रान्समधील चित्रपटगृहांना तो दीर्घकाळ वर्ज्य होता. चित्रपटात हल्ला रात्रीच्या अंधारात रणगाड्यांनी होतो, तर प्रत्यक्षात तो सकाळी झाला. फ्रेंच दप्तरातील नोंदीच संशयास्पद असल्याने ह्या बाबतीत चित्रपट हाच दीर्घकाळ प्रमुख सार्वजनिक पुरावा ठरला. जुलै २०२४ मध्ये फ्रान्सने सहा मृतांना राष्ट्रासाठी मरण आलेले म्हणून मान्यता दिली व त्या वर्षाच्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ ह्यांनी ही कत्तल होती असे पत्राद्वारे मान्य केले.

चित्रपटाचा परिणाम थेट सरकारी निर्णयात उतरल्याचे उदाहरण रशीद बुशारेब ह्यांच्या ॲंदिजेन (२००६) ह्या चित्रपटाचे आहे. उत्तर आफ्रिकेतील सैनिकांनी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढूनही स्वातंत्र्यानंतर त्यांची निवृत्तिवेतने १९५९ च्या कायद्यान्वये गोठविली गेली होती. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारासच, सप्टेंबर २००६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष शिराक ह्यांच्या सरकारने ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर त्यांतील बहुसंख्य सैनिक मृत्यू पावले होते.

असे चित्रपट संख्येने थोडे का, ह्याचे उत्तर बव्हंशी निर्मितीच्या अर्थशास्त्रात आहे. युद्धनौका, विमाने, रणगाडे व शिस्तबद्ध माणसे सैन्याकडूनच स्वस्तात मिळतात आणि त्या बदल्यात पटकथा दाखवावी लागते. फ्रॉम हिअर टू इटर्निटी (१९५३) ह्या अमेरिकन चित्रपटाच्या मूळ कादंबरीतील क्रूर कॅप्टनला बढती मिळते. सैन्याचे सहकार्य हवे म्हणून चित्रपटात त्याला राजीनामा द्यावयास लावले आहे. एका वाक्याच्या ह्या फेरफाराने सबंध संस्थेवरील आरोप एका माणसापुरता मर्यादित होतो. ३१ जानेवारी १९४५ रोजी सैन्यत्यागासाठी गोळी घातलेला एडी स्लोव्हिक हा यादवी युद्धानंतर त्या गुन्ह्यासाठी देहदंड झालेला एकमेव अमेरिकन सैनिक होय. त्याच्यावर चित्रपट काढण्याची घोषणा फ्रँक सिनात्राने १९६० मध्ये केली. काळ्या यादीतील लेखकाची निवड केल्यामुळे उठलेल्या गदारोळात ती सोडून द्यावी लागली. विषय पडद्यावर आला तो १९७४ मध्ये, व्हिएटनाम युद्धाच्या अखेरीस आणि दूरचित्रवाणीवरून.

भारतात सैन्याविषयीचा सार्वत्रिक आदर आणि सैन्याच्या साहाय्यावाचून युद्धपट काढण्याची अडचण ह्यांमुळे हा उपप्रकार क्षीण आहे. चेतन आनंद ह्यांचा हकीकत (१९६४) १९६२ च्या पराभवावर आहे; परंतु तेथे तुटपुंज्या शस्त्रांनिशी आघाडीवर पाठविल्या गेलेल्या सैनिकांची शोकांतिका बलिदान म्हणून सादर होते व जबाबदारीचा प्रश्न गाण्यांत विरून जातो. त्याच पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. शौर्य (२००८) हा समर खान ह्यांचा चित्रपट काश्मीरमधील एका लष्करी खटल्याभोवती गुंफलेला असून १९९२ च्या अ फ्यू गुड मेन ह्या अमेरिकन चित्रपटाशी त्याचे साम्य उघड आहे. तथापि धार्मिक पूर्वग्रहाचा त्यातील मुद्दा भारतीय आहे. १९७१ (२००७) ह्या चित्रपटात युद्ध संपल्यावरही पाकिस्तानच्या कैदेत विसरल्या गेलेल्या भारतीय सैनिकांची कथा आहे. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यातील खटला (१९४५-४६) तिग्मांशू धुलिया ह्यांच्या राग देश (२०१७) मध्ये येतो. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सैन्यविषयक चित्रपटांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र घेण्याची सूचना केल्याने नव्या निर्मात्यांपुढील अडचण वाढली आहे.

मुंबईच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ ह्या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण तळावर निकृष्ट अन्न व वर्णद्वेषी वागणूक ह्यांविरुद्ध संप सुरू झाला आणि तो गोदीतील जहाजांवर व कराचीपर्यंत पसरला. गिरणी कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्यू पावले. २३ फेब्रुवारीस खलाशांनी शरणागती पतकरली. पोटेमकिनशी असलेले ह्या घटनेचे साम्य, सडक्या अन्नापासून शहराच्या सहभागापर्यंत, कोणाच्याही लक्षात येण्याजोगे आहे. बंगाली रंगभूमीने उत्पल दत्त ह्यांच्या कल्लोल (१९६५) ह्या नाटकाद्वारे त्याची दखल घेतली. ज्या शहरात तो उठाव झाला, त्या शहरातील चित्रपटसृष्टीने मात्र त्यावर गाजलेला असा एकही कथापट काढलेला नाही. बडतर्फ केलेल्या ४७६ खलाशांना स्वातंत्र्यानंतर भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलात परत घेतले गेले नाही. कुलाबा येथे त्या उठावाचे स्मारक आहे.